तुकडीत किती मुलं?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की मीरा रोड-भाईंदरच्या आयांचा एक प्रश्न ठरलेला, ‘एका तुकडीत किती मुलं?’ प्रश्न रास्तच आहे. २००२ साली महापालिका झालेल्या या शहराची वस्ती २००१ ते २०११ या दहा वर्षांत सव्वापाच लाखांच्या आसपास होती ती आठ लाखांपुढे गेली. इमारती भराभर उठतात, वर्गखोल्या तशा उठत नाहीत.

पण मुलं कमी म्हणजे अभ्यास चांगला, हे कशावरून? जिथे तुकडी पंचवीसची, तिथे बहुधा फीही जबर, घरी शिकलेले आईबाप, वर क्लास. मग चांगल्या गुणांचं श्रेय कुणाला द्यायचं? उलट एखाद्या मराठी शाळेची तुकडी विसावर येते, ती मुलंच येईनाशी झाली म्हणून. नुसते निकाल शेजारी ठेवून काही कळत नाही. चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी लागते आणि मुलंही भरपूर लागतात, नाहीतर दोन-चार गुणांचा फरक योगायोगानेही पडतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं असा प्रयोग झाला. १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुलं २२ ते २५च्या वर्गातल्यांपुढे गेली.

आपल्या शेजारी मुंबईत मात्र निराळंच दिसलं. ‘प्रथम’ संस्थेने २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा पुरी केलेल्या मुली. तिसरी-चौथीत मागे पडलेली १५-२० मुलं घेऊन त्या रोज दोन तास वेगळ्या बसायच्या. वाचन, बेरीज-वजाबाकी, अगदी मुळापासून. कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कुठे चौथीला, हे चिठ्ठीवर सोडलं होतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो (२०१९च्या नोबेलचे मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचण्या घेऊन हिशेब मांडला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. बालसखीकडे गेलेली मुलं चांगली सुधारली. मूळ वर्गात उरलेल्यांची गर्दी कमी झाली, पण शिकवणं तेच. त्यांच्यात मोजण्याजोगा फरक पडला नाही.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक ठरवला. तो हवाच. पण फी भरण्याआधी शाळेला आणखी एक विचारा: ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापाशी कोण बसतं, आणि किती वेळ?

त्या बालसखींना महिन्याला मिळायचे ५०० ते ७५० रुपये. बाईमाणसाचं काम म्हणून की काय!