पळालेल्याची मालमत्ता आणि आपली उधारी

‘फरारी आर्थिक गुन्हेगार विधेयक, २०१८’ १२ मार्च २०१८ रोजी लोकसभेत मांडले गेले. अधिवेशन गदारोळातच आटोपले आणि विधेयक तसेच राहिले. पुढे २०१८ मध्येच त्याचा कायदा झाला. म्हणून व्यापारी कुटुंबांनी ते आताच समजून घेणे हिताचे.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी देशाबाहेर गेले. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ रोजी गेले आणि पंजाब नॅशनल बँकेची तक्रार सीबीआयकडे पोहोचली २९ जानेवारीला. वरातीमागून घोडे, दुसरे काय! आणि १३ मार्चला रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची हमीपत्रे, म्हणजे ‘एलओयू’, बंद केली. ज्या आयातदाराने कधी एक दिवसाचाही हप्ता चुकविला नाही, त्याचीही स्वस्त परकीय चलनाची सोय त्यात गेली.

आता विधेयकाकडे वळू. अटक वॉरंट निघालेले आहे, गुन्ह्यातील रक्कम १०० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, आणि खटला टाळण्यासाठी ज्याने देश सोडला किंवा जो परतण्यास नकार देतो, अशा व्यक्तीस हे लागू होते. विशेष न्यायालय त्यास हजर राहण्यासाठी किमान सहा आठवड्यांची मुदत देते. तो आला तर या कायद्याखालील कार्यवाही थांबते; मूळ खटला अर्थातच चालू राहतो. न आल्यास त्याची देशातील, परदेशातील, इतकेच नव्हे तर बेनामी मालमत्ताही केंद्र सरकारकडे जाऊ शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेतही फरारी घोषित करून जप्ती करता येत असे, परंतु तो मार्ग फार संथ होता.

दोष सिद्ध होण्यापूर्वीच मालमत्ता काढून घेणे न्याय्य नव्हे, असा एक आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. विमानाचे तिकीट काढून परत येणे त्याच्याच हाती असते.

माझी चिंता वेगळी आहे. नव्वदच्या दशकात मी एका मार्केट यार्डातील शाखेत होतो. हळदीचा एक मोठा व्यापारी एका रात्रीत कुटुंबासह गाव सोडून गेला. गोदामातील माल आमच्याकडे तारण होता, घर गहाण होते. बँकेची वसुली यथावकाश झाली. चौथ्या दिवशी एक वृद्ध आडते लाल चोपडी घेऊन माझ्यापुढे बसले. येणे चार लाख चाळीस हजार. “साहेब, ही सही त्याचीच आहे ना?” त्यांनी विचारले. सही त्याचीच होती. माझ्याकडील नमुन्याशी तंतोतंत जुळत होती. “शेठजी, सही खरी आहे, पण तारण नाही,” एवढेच मी म्हणू शकलो. त्यांनी चोपडी कापडात गुंडाळली आणि चहा न घेता ते उठले.

विधेयक मी त्यांच्या नजरेने वाचले. मालमत्तेत ज्याचा प्रामाणिक हितसंबंध आहे, त्याला न्यायालय संरक्षण देऊ शकेल. मात्र तो सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. तारण घेतलेल्या बँकेला हे जमेल. पण ज्याने विश्वासावर माल दिला, त्या बिनतारणी धनकोचे काय? जप्त मालमत्ता सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडे जाते. ती विकून आलेल्या रकमेत त्याला वाटा मिळेल की नाही, याविषयी विधेयक मौन बाळगते. शिवाय फरारी व्यक्ती ज्या कंपनीची प्रवर्तक आहे, त्या कंपनीलाही दिवाणी दावा लढविण्यास न्यायालय मनाई करू शकेल. त्यात लहान भागधारकही भरडले जातील.

१०० कोटींची मर्यादा मला मान्य आहे, अन्यथा विशेष न्यायालये तुंबतील. पण मोठा माणूस पळतो तेव्हा त्याच्यामागे शेकडो लहान पुरवठादार उभे असतात. आपल्या व्यापारी संघटनांनी आपापल्या खासदारांकडे लेखी मागणी करावी, की विक्रीच्या रकमेत बिनतारणी धनकोंचा क्रम कायद्यातच नमूद व्हावा. आणि मार्चअखेरचे हिशेब झाले की प्रत्येक मोठ्या उधारीचे शिल्लक-पुष्टीपत्र सही-शिक्क्यासह लगेच मागवून घ्यावे. ओळखीच्या माणसाकडे मागण्यात संकोच वाटतो खरा. त्या आडत्यांनाही तो वाटला होता.