ब्रिज की इंजिनरूम?

हॉस्टेलमध्ये कोणी 'मी नेव्हीत जाणार' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पगार डॉलरमध्ये ना रे?" म्हणजे विचारणाऱ्याच्या डोक्यात मर्चंट नेव्ही! ती वेगळी. तिथे मालवाहू जहाजं, काही महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आणि मग लांबलचक सुट्टी. मी लिहितोय ते भारतीय नौदलाबद्दल, आणि तेही एकाच मुद्द्यावर. इंजिनिअर झालेला मुलगा किंवा मुलगी तिथे अधिकारी म्हणून गेली, तर पुढे नेमकी कुठपर्यंत पोचते?

हे आपल्याकडे कोणी विचारतच नाही. एस.एस.बी.चे पाच दिवस, ग्रुप टास्क, चष्म्याचा नंबर, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा रंगतात. फॉर्मवरचा ब्रँचचा रकाना मात्र दोन सेकंदांत भरला जातो. मेकॅनिकल? मग इंजिनिअरिंग ब्रँच. ई अँड टीसी? मग इलेक्ट्रिकल. संपलं! माझ्या मते खरी गफलत इथेच होते, कारण त्या एका रकान्यात पुढचं सगळं आयुष्य ठरून जातं.

युद्धनौकेची कमान फक्त एक्झिक्युटिव्ह ब्रँचच्या अधिकाऱ्याकडे असते. नौदलप्रमुखही त्याच ब्रँचमधून येतात. इंजिनिअरिंग किंवा इलेक्ट्रिकल ब्रँचचा अधिकारी कितीही हुशार असला तरी जहाजाचा कमांडिंग ऑफिसर होत नाही. तो व्हाइस अ‍ॅडमिरलपर्यंत चढू शकतो, दिल्लीत 'चीफ ऑफ मटेरियल' होऊ शकतो आणि ते पद काही साधं नव्हे. पण समुद्रात जहाज कुठे न्यायचं, हे ठरवणारी खुर्ची त्याची नसते.

आता यातली गंमत बघा. एक्झिक्युटिव्ह ब्रँचच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनला कुठल्याही शाखेचं बी.ई. चालतं (पहिला वर्ग हवा, केटीवाल्यांनी नोंद घ्यावी). यू.पी.एस.सी.ची सी.डी.एस. परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यातून नौदल अकादमीला जायला तर इंजिनिअरिंगचीच डिग्री लागते आणि मिळतं ते एक्झिक्युटिव्ह ब्रँचचं परमनंट कमिशन. एका खेपेला जागा तीसच्या आसपास. इंग्रजी, सामान्यज्ञान आणि प्राथमिक गणित असे तीन पेपर. एम-थ्री, एम-फोर झेललेल्यांनी त्या गणिताला काय घाबरायचं? पण आपल्याकडे सी.डी.एस. म्हणजे 'ते बी.ए., बी.एस्सी.वाल्यांचं' अशी ठाम समजूत!

दुसरं, बढत्यांचं. २००४ च्या सुधारणांनंतर सब लेफ्टनंटचा लेफ्टनंट दोन वर्षांत होतो, सहा वर्षांत लेफ्टनंट कमांडर आणि तेरा वर्षांत कमांडर. इथपर्यंतची शिडी बहुतेक सगळे चढतात. त्यापुढे कॅप्टन व्हायला निवड मंडळ, आणि तिथे चाळणी एकदम बारीक होते. चांगले चांगले लोक कमांडर म्हणूनच निवृत्त होतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचा तर हिशोबच निराळा. दहा वर्षं, फार तर चौदा. पेन्शनला लागतात वीस. म्हणजे तिशी ओलांडल्यावर ग्रॅच्युइटी घेऊन पुन्हा बायोडेटा लिहायला बसायचं. परमनंट कमिशनसाठी विचार होतो, पण ते जागांवर अवलंबून. ही गोष्ट घरच्यांना आधी सांगावी, नंतर नाही.

मुलींच्या बाबतीत चित्र खूप बदललं आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशनचा दरवाजा उघडून दिला. २०२३ मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आय.एन.एस. त्रिंकटच्या कमानीसाठी निवड झाली, नौदलाच्या जहाजाची कमान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या बिलाशेजारी ही बातमी लागायला हरकत नव्हती.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, मग टेक्निकलला जायचंच कशाला? इथे माझं मत उलटं आहे. पावसाळ्यात आपली बॅच भुशी डॅमला जाते, त्याच रस्त्याने पुढे आय.एन.एस. शिवाजी आहे, १९४५ पासून. नौदलाचे इंजिनिअर तिथे घडतात. नंतर जहाजावर वॉच, घामाने निथळणारी इंजिनरूम, हळूहळू पूर्ण जहाजाचा इंजिनिअर ऑफिसर, मध्ये डॉकयार्ड, जमलं तर आय.आय.टी.तून एम.टेक. २०२२ मध्ये दाखल झालेली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे, चार गॅस टर्बाइन्स, मिळून ८८ मेगावॅट. तिचं डिझाइन नौदलाच्याच डिझाइन ब्युरोने केलं. आपण लॅबमध्ये ज्या टर्बाइनचं फक्त कटसेक्शन बघतो, ती चालवायला मिळणं म्हणजे काय ते मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको.

आणि जुन्या विक्रांतची गोष्ट तर फोर्थ सेमच्या थर्मलमध्ये शिकवावी अशी आहे. १९७१ च्या युद्धाआधी तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले. वेग घटला. विमानवाहू जहाजाला वेग नसला तर डेकवर वारा नाही, आणि वारा नसला तर विमान उडणार कसं? उरलेल्या बॉयलर्सवर जहाज चालवता येईल की नाही, किती दाबापर्यंत, हे सांगायचं काम इंजिनिअर्सचं होतं. जहाज बंगालच्या उपसागरात गेलं, आणि ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. इतिहासात नाव कॅप्टनचं आणि वैमानिकांचं येतं. ते बरोबरच आहे. पण आकडे काढून 'जाऊ शकतो' असं कोणीतरी खालून सांगितलं होतं.

तेव्हा ज्याला माणसं, नकाशा आणि निर्णय हवेत त्याने डिग्रीवर काय छापलंय ते विसरून एक्झिक्युटिव्हचा विचार करावा. ज्याला मशीन उघडल्याशिवाय झोप येत नाही त्याने कमान मिळणार नाही हे मान्य करून इंजिनिअरिंग ब्रँच भरावी, आणि पंधरा वर्षांनी त्याबद्दल कुरकुरू नये.

मी दुसऱ्या गटातला. माझा रूममेट, माझ्याच वर्गातला, सी.डी.एस.ला बसतोय. प्लेसमेंट सेलला एवढीच विनंती, की कंपन्यांच्या प्री-प्लेसमेंट टॉकमधून एखादा शनिवार काढून दोन्ही ब्रँचचा एकेक अधिकारी बोलवावा. लोणावळा काही लांब नाही.