हसारी पाल आणि माथेरानचा फोटो

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घाला संपादक मंडळ जबाबदार!

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले तेव्हा रूममेट म्हणाली, "मी हावड्याची." मी लगेच ज्ञान पाजळलं, "म्हणजे सिटी ऑफ जॉय! तिकडे अजून माणसं रिक्षा ओढतात ना?" ती काहीच बोलली नाही. बॅगेतली चादर काढून गादीवर पसरत बसली. मला वाटलं, दमली असेल प्रवासाने.

दॉमिनिक लापिएरचं ते पुस्तक मी नववीत शाळेच्या लायब्ररीतून आणलं होतं. १९८५ सालचं. रिक्षा ओढणाऱ्या हसारी पालसाठी मी ढसाढसा रडले होते. त्यामुळे कोलकाता आपल्याला कळलंय, अशी माझी ठाम समजूत! वास्तविक पुस्तकातली वस्ती लेखकाने बेतली ती पिलखान्यावर, आणि पिलखाना आहे हुगळीच्या अलीकडे, हावड्यात. महापालिका वेगळी, जिल्हासुद्धा वेगळा. पण हे बघतो कोण? एका झोपडपट्टीचं पुस्तकातलं नाव अख्ख्या कोलकात्याला चिकटलं. गंमत म्हणजे १९९१ मध्ये सिनेमाचं शूटिंग सुरू झालं तेव्हा आमची बदनामी करता म्हणून तिथे निदर्शनं झाली होती, आणि आज तेच नाव लोक कौतुकाने मिरवतात.

रूममेटचं हावडा मात्र वेगळंच निघालं. शिबपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५६ चं (आपल्याकडे सीओईपी १८५४ चं, म्हणजे जवळजवळ जुळी भावंडंच). हावडा ब्रिज १९४३ चा, एवढं प्रचंड धूड आणि नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटिंग. २०२४ च्या मार्चपासून तर नदीच्या तळाखालून मेट्रो धावते, देशातली अशी पहिली. हे सगळं आपल्या सिलॅबसच्या जवळचं, पण मला माहीत होता फक्त हसारी पाल.

खरी फजिती पुढेच आहे. एकदा मी तिला घरचे फोटो दाखवत होते. त्यात माथेरानच्या ट्रिपचा एक होता. मी सात वर्षांची, डोक्यावर टोपी, हातात चिक्की, आणि बसलेय कशात? हातरिक्षात! पुढे एक काका ओढतायत, मागून एक ढकलतायत. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "ये तो हसारी पाल है ना?"

काय बोलणार? मुंबईपासून दोन-अडीच तासांवर, लाल मातीच्या चढावर माणूस माणसाला ओढत होता आणि आम्ही त्याला 'ट्रिप' म्हणत होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं, तेव्हा कुठे आमच्या घरात त्यावर पहिल्यांदा बोलणं झालं. माथेरान म्हटलं की मिनी ट्रेन, माकडं, चिक्की. कोलकाता म्हटलं की हातरिक्षा. वाहन तेच, पण एका ठिकाणावर कादंबरी लिहिली गेली आणि दुसऱ्याचं पिकनिक स्पॉट झालं.

लापिएर खोटं लिहीत होता असं मी म्हणत नाही. त्याने रॉयल्टीचा अर्धा वाटा तिथल्याच सेवाकार्याला दिला. रूममेटही म्हणते, गरिबी आहे, नाकारतंय कोण? तिचा राग एवढाच, की लोक तिला काही विचारतच नाहीत, थेट सांगायला लागतात. मीही तेच केलं होतं.

आता कुणी म्हणेल, पु.लं.नी पुणेकरांचं नाही का असंच चित्र रंगवून ठेवलं? रंगवलं की! पण ते वाचणाऱ्या प्रत्येकाची एखादी आत्या नाहीतर मावशी सदाशिव पेठेत असतेच. दुपारी एक ते चार तिच्याकडे जाऊन खरं-खोटं पडताळता येतं (दार उघडलं तर). हावड्यात माझी आत्या नव्हती. होतं ते पावणेपाचशे-पाचशे पानांचं इंग्रजी पुस्तक.

आता पूजेच्या सुट्टीत तिच्या घरी चाललेय. आझाद हिंदचं तिकीट काढलंय, वेटिंग ३४. तिच्या आईने फोनवर विचारलं, मासे खाते ना? मी हो म्हणाले, पण काट्यांची जाम भीती वाटते. आणि हो, तिने बजावलंय, येताना तो माथेरानचा फोटो आण, बाबांना दाखवायचाय.