पाटीवरचे दहा

बाहेर जेवावयास जाणें ही पूर्वीं चैन समजत. आतां ती पुष्कळदां निकड असते. आईबाप दोघेंही नोकरीवर असतात, गाडी उशिरां पोंहोंचते, परीक्षेचें केंद्र परगांवीं पडतें, आणि रात्रीं साडेनवाच्या सुमारास सर्व कुटुंब उपाशी असतें. अशा वेळीं ज्या उपाहारगृहाच्या दारावर ‘सकाळीं ७ ते रात्रीं १०’ अशी पाटी लाविलेली आहे, त्यांत शिरणारा मनुष्य कोणता अपराध करितो, हें मला अद्यापि उमगलेलें नाहीं. वागणूक मात्र त्यास अपराध्याचीच मिळते.

गेल्या मे महिन्यांत एका लग्नाहून परततांना आम्ही पांच माणसें पुण्यास स्टेशनाजवळच्या एका बऱ्यापैकीं झगझगीत उपाहारगृहांत गेलों. बरोबर माझी वृद्ध आत्या होती. घड्याळांत साडेनऊ झाले होते, म्हणजे पाटीप्रमाणें अजून अर्धा तास शिल्लक होता. पाण्याचे पेले येण्यापूर्वींच वाढपी म्हणाला, “काय तें एकदांच सांगा.” डोसा नाहीं, कारण तवा धुतला, पुरी नाहीं, कारण कढई उतरविली. उरली राईस प्लेट. तिच्यांतला भात पातेल्याच्या बुडाचा व गार, आमटींत डाळ शोधावी लागे. आम्ही दोन घांस घेतों न घेतों तों शेजारच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढूं लागल्या. मग डोक्यावरचा पंखा बंद झाला. मग एक पोरगेलासा नोकर फिनेलच्या पाण्याचा फडका घेऊन आमच्या पायांखालून फिरला. आत्यानें लुगडें सांवरून पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले आणि तशाच स्थितींत ताक प्यालें. पेला खालीं ठेवण्यापूर्वीं बिल आलें.

इतकें सर्व मी सोसलें असतें. परंतु त्याच वेळीं गल्ल्याशेजारीं पार्सलाचे डबे भरले जात होते, मोटारसायकलीवरचे तरुण ते घेऊन जात होते, आणि त्या डब्यांतून डोशाचा खरपूस वास येत होता! तवा धुतलेला नव्हता तर. मोबाईलवरून मागविणाऱ्या अदृश्य ग्राहकासाठीं तो तापलेलाच होता. समोर बसलेल्या म्हातारीपुरता तेवढा थंड झाला होता.

बिलांत सेवाशुल्कही होतें. ग्राहकाच्या इच्छेवांचून तें लावूं नये, अशीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें काढलीं आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तीं उचलून धरलीं. मीं तें शुल्क काढावयास लाविलें, व तितकेच रुपये वाढप्याच्या हातांत ठेविले. बरोबरच्या मंडळींस माझें हें करणें विचित्र वाटलें. पण माझा राग वाढप्यावर नव्हता, आणि तो कां नव्हता हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

दहा वाजले म्हणजे त्याचें काम संपतें असें नव्हे. पातेलीं घासावयाचीं असतात, भट्टी पुसावयाची असते, मोरी धुवावयाची असते. उद्यांच्या इडलीचें पीठ आजच वाटून ठेवावें लागतें, कारण तें आंबावयास रात्र जावी लागते. त्यानंतर त्यास शेवटची गाडी गांठावयाची असते; नाहीं तर मुंबईपुण्याकडील कित्येक हॉटेलांतील नोकर पिढ्यान् पिढ्या करीत आले तसें तेथेंच अंथरूण टाकावयाचें असतें. आपण ज्या टेबलाशीं रेंगाळत बसतों त्याच्या जागीं कोणाची तरी निजावयाची जागा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या उलट्या खुर्च्यांचा अर्थ निराळा लागतो. पाटीवरचे दहा हे ग्राहकाच्या मतें जेवण मागण्याचे दहा, आणि नोकराच्या मतें घरीं जाण्याचे दहा. दोघांचें वाचन आपापल्या परीनें बरोबर आहे. चूक आहे ती पाटी लिहिणाराची. आणि त्यास ही चूक फायद्याची पडते, कारण शेवटच्या ग्राहकाचे पैसे गल्ल्यांत जातात व त्याचे शिव्याशाप वाढप्याच्या वांट्यास येतात.

ही अडचण आजची नव्हे. मुंबई सरकारच्या १९४८ सालच्या दुकानें व आस्थापनांविषयींच्या कायद्यांत तिचा नीट विचार केलेला होता. बंद होण्याच्या घटकेस ज्या ग्राहकास वाढणें चालू असेल, किंवा जो वाढण्याची वाट पाहत बसला असेल, त्यास पुढें पाव तासपर्यंत वाढण्याची मुभा त्यांत दिली होती. आणि नोकरास बंद होण्याच्या वेळेनंतर किती थांबवावें, यासही अर्ध्या तासाची मर्यादा घातली होती. पाव तास पाहुण्याचा, अर्धा तास आवराआवरीचा! हें कलम लिहिणारा गृहस्थ कधीं तरी रात्रीं उशिरां जेवावयास गेला असला पाहिजे. २०१७ सालच्या नव्या कायद्यानें तो जुना कायदा रद्द झाला. पण त्यांतला हिशेब रद्द होण्याजोगा नव्हता.

कायद्याहून जुनी अशी गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायांची रीत होती. प्रेमा पुरव यांनीं १९७५ साली ज्यांच्यासाठीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, त्याच ह्या बाया. गिरणीची पाळी सुटेल तेव्हां गडी जेवावयास येई. त्याचें जेवण महिन्याच्या बोलीचें असल्यामुळें अजून किती पानें वाढावयाचीं आहेत हें बाईस ठाऊक असे, आणि भाकरी तितक्या झांकून ठेविलेल्या असत. उशिरां येणारा तेथें हिशेबांत धरलेला होता. आजच्या झगझगीत हॉटेलांत तो कोणाच्याच हिशेबांत नसतो.

ग्राहकांतही कांहीं महाभाग असतात. पांच मिनिटें उरलीं असतां आठ जणांनीं आंत शिरावें, आठ निरनिराळे पदार्थ मागावे आणि मग बडीशेप चघळीत क्रिकेटच्या सामन्याची चर्चा करीत बसावें, अशांची बाजू मी घेणार नाहीं. उशिरां गेलेल्यानें तयार असेल तें मागावें व जेवून उठावें. पण ‘तयार काय आहे’ हें त्यास खरें सांगितलें गेलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या स्नेहसंमेलनांत खाद्यपदार्थांचीं दुकानें मांडलीं जातात. सायंकाळीं कामावरून धांवतपळत आलेल्या पालकांस तेथें गार वडा आणि “संपलें हो, काका!” एवढेंच पुष्कळदां मिळतें, हें मीं पाहिलें आहे; आणि त्याच वेळीं तुमच्यांतला एखादा दमलेला मुलगा एकटाच सतरंज्या गुंडाळीत असतो, हेंही पाहिलें आहे. यंदा दुकानाच्या पाटीवर दोन वेळा लिहून पाहा: एक शेवटच्या मागणीची, दुसरी दुकान आवरण्याची. पहिलीपर्यंत जो येईल त्यास वडा गरम द्यावा, आणि दुसरी होतांच सतरंज्यांस चौघांनीं हात लावावा.