दोष गळ्याचा की खोक्याचा?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नाचणारणीला हिणवण्यासाठी वापरतो. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते, त्याची चौकशी कोणी करायची? आणि नाचणारीण व अंगण दोन्ही ठीक असून पाहणाऱ्याच्याच डोळ्यांवर झापड आली असेल तर? गाणे ऐकताना नेमका हाच घोटाळा होतो. गाणारा एक, ते टिपणारा दुसरा, ते घरात ऐकवणारे खोके तिसरे आणि ज्या खोलीत ते ठेवले ती चौथी. कानाला खुपले की शिक्षा मात्र एकट्या खोक्याला!

आमच्या भिवपुरीत असा एक खटला गेल्या पावसाळ्यात उभा राहिला. आमच्या इमारतीतले एक काका नुकते नोकरीतून निवृत्त झाले. आयुष्यभर कर्जत लोकलच्या गर्दीत उभ्याने काढले. आता बसून गाणे ऐकायचे, एवढीच हौस. फंडातले पंचेचाळीस हजार रुपये मोजून त्यांनी स्पीकरची जोडी आणली. पहिल्याच संध्याकाळी जुने नाट्यपद लावले, तर गाण्याआधी करकर ऐकू आली. मुलाने नवे सिनेमागीत लावले, तर तबल्याऐवजी रिकामे पिंप बडवल्यासारखा आवाज! काका म्हणाले, “फसलो. निम्म्या किमतीत गेले तरी विकून टाकतो.” मुलगा म्हणाला, “बाबा, स्पीकर उत्तम आहेत. तुमची ती जुनी पेटीच काढून टाका.”

त्या पेटीत जुन्या तबकड्या होत्या आणि एक कॅसेटही होती. तिच्यावर काकांच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. आई जाऊन आता वीस वर्षे झाली. काकू नुसत्याच गप्प बसल्या. मग माझ्याकडे वळून काका म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकवता ना? मग न्याय करा.”

मी शिकवते मराठी. यंत्रातले मला काय कळणार? पण मराठीच्या मास्तरणीला एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे पाठभेद. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. लेखकूंच्या हातून शिरलेल्या चुका त्यांना काढायच्या होत्या. एकच पोथी समोर असेल तर चूक लेखकूची की मूळचीच, हे सांगता येत नाही. अनेक पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. स्पीकरचेही तसेच आहे. एका गाण्यावरून त्याची परीक्षा होत नाही. पाच तऱ्हेची गाणी लावावी. जो दोष सगळ्यांत दिसेल तो स्पीकरचा किंवा खोलीचा. जो एकात येतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो, तो त्या ध्वनिमुद्रणाचा.

जुन्या तबकड्यांची कथा मुळात ऐकण्यासारखी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडून गायचे, की त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरी. सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांच्या पलीकडचे त्यात फारसे उमटत नसे. आपल्या ‘स’ची सळसळ चार-पाच हजारांच्याही वर असते, म्हणजे ‘सखी’तला ‘स’ त्या तबकडीवर जवळजवळ नाहीच! १९२५च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. (आमच्या भिवपुरीच्या वीजघरातून मुंबईला वीज जाऊ लागली ती त्याआधी तीनच वर्षे, १९२२ साली.) अब्दुल करीम खाँसाहेबांची कर्ण्यापुढची सुरुवातीची गाणी आणि १९३७ साली ते जाण्यापूर्वीच्या काही वर्षांतली विजेवरची गाणी लागोपाठ ऐकली, तर नवख्याला वाटेल की खाँसाहेबांचा गळा उतारवयात फुलला. फुलला असेलही, पण त्यातला बराचसा फुलोरा मायक्रोफोनचा आहे.

मग काकांचा जुना रेडिओ हीच गाणी गोड कशी ऐकवत होता? कारण त्याला वरचे बारीक आवाज काढताच येत नव्हते. तबकडीची करकर तो गिळून टाकी. नवा स्पीकर प्रामाणिक. जे आहे ते सगळे सांगतो. प्रामाणिक माणसाचे घरात जसे स्वागत होते, तसेच त्याचे झाले!

नव्या गाण्यांचाही भरवसा धरता येत नाही. १९९०नंतर गाणी एकमेकांपेक्षा मोठ्याने वाजावीत म्हणून हळू आणि मोठा यांतला फरकच दाबून टाकण्याची चढाओढ जगभर लागली. शिवाय मुद्रण करणारा तंत्रज्ञही स्वतःच्या स्पीकरवरच ऐकून गाणे बेतत असतो. त्याचा स्पीकर खर्जात कमी पडला, तर तो गाण्यात खर्ज जास्त ओततो. १९७८ साली घरगुती म्हणून निघालेला यामाहाचा एन.एस.-१० हा खर्जाला अशक्त स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंत मानाने जाऊन बसला. गाणी स्पीकरवर पारखायची आणि स्पीकर त्या गाण्यांवर पारखायचे! फ्लॉइड टूल या कॅनडातल्या संशोधकाने याला ‘गोंधळाचे वर्तुळ’ म्हटले आहे. त्याच्याच प्रयोगांत दिसून आले, की स्पीकर डोळ्यांना दिसत असेल तर चांगल्या चांगल्या कानांचेही मत बदलते.

तेव्हा आम्ही दोन जोड्यांपुढे चादर टांगली: काकांची आणि आमच्या घरची जुनी. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. कारण जो थोडा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. नाट्यपद, सतार, एक भाषण आणि सिनेमागीत लावले. शेवटी काकूंनी व्हरांड्यात चकलीची कृती सांगितली, ती मुलाने फोनवर टिपली. चाळीस वर्षे रोज कानी पडणारा तो आवाज. त्याच्यासारखी कसोटी दुसरी नाही! बी.बी.सी.चे अभियंतेसुद्धा स्पीकर पारखायला माणसाचे साधे बोलणे वापरीत. फोनच्या मायक्रोफोनची खोट त्यात असणारच; पण ती दोन्ही जोड्यांना सारखीच.

निकाल असा लागला. करकर फक्त नाट्यपदात होती, आणि ती दोन्ही जोड्यांवर होती. म्हणजे दोष तबकडीचा. काकूंचा आवाज नव्या जोडीवर अधिक काकूंसारखा होता. पण पिंपाचा घुमारा मात्र नव्या जोडीवर तबल्यात होता, वक्त्याच्या बोलण्यातही होता. म्हणजे दोष स्पीकरचा? तो भिंतीच्या कोपऱ्यात खेटून ठेवला होता. कोपऱ्यात खर्ज फुगतो. दीड हात पुढे ओढला, फरशीवर सतरंजी टाकली, आणि घुमारा निवाला. खर्च शून्य.

मग कॅसेट लावली. फुसफुस होतीच. जात्याची घरघर होती. तिच्या आडून ओवी आली, आणि दोन ओव्यांच्या मध्ये एक धाप ऐकू आली. ती जुन्या यंत्रावर कधीच ऐकू आली नव्हती. काका म्हणाले, “आईला दमा होता.” मुलाने आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही, तसाच बसून राहिला.

वाचकहो, या दिवाळीत पुष्कळ घरांत नवे खोके येईल. त्याला नावे ठेवण्यापूर्वी पाच गाणी ऐका आणि जागा बदलून पाहा. जुन्या पेटीला हात लावण्यापूर्वी मात्र दहादा ऐका. खोके बदलून मिळते. गळा मिळत नाही.