शालनताईंचा कागद

२०२०च्या जुलैतल्या शेवटच्या मंगळवारी मुंबई महापालिकेच्या कोरोना-रक्तपाहणीचे आकडे आले आणि बुधवारी सकाळी आमच्या शालनताईंना सोसायटीच्या गेटवर अडवलं.

शालनताई आमच्याकडे घरकामाला येतात. टाळेबंदीत मार्चपासून त्यांचं येणं थांबलं होतं. जुलैत आमच्या कमिटीनं त्यांना परत यायची परवानगी दिली, पण अट घातली : अँटिबॉडी टेस्टचा रिपोर्ट आणा. शालनताईंनी खासगी लॅबमध्ये बाराशे रुपये मोजले. चार घरांपैकी दोन घरांनी मार्चनंतर त्यांच्या हातावर दमडी ठेवलेली नाही, आणि त्यात हे बाराशे. रिपोर्टवर आलं, ‘आयजीजी रिअ‍ॅक्टिव्ह’. सेक्रेटरी म्हणाले, पॉझिटिव्ह आहे, पंधरा दिवस येऊ नका.

मी खाली गेले तेव्हा त्या गेटबाहेर उन्हात उभ्या होत्या. तो कागद त्यांनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत चार घड्या घालून ठेवला होता.

“ताई, मला तर काहीच झालं नाही. मग हे कुठनं निघालं?”

मी विचारलं, मागे कधी ताप?

“मे महिन्यात दोन दिवस अंग मोडून आलं होतं. फोडणी करपली तरी वास येईना. म्हटलं, उन्हाचं असंल.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण तवा मी तुमच्याकडं येतच नव्हते की.”

हे सेक्रेटरींना मी तिथेच समजावलं, आता इथे लिहिते. विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. त्यातली आयजीजी नावाची दिसू लागायला साधारण दोन आठवडे जातात आणि ती आजार सरल्यावरही मागे राहतात. म्हणजे हा रिपोर्ट मागे होऊन गेलेल्या लागणीची खूण सांगतो. आज घशात विषाणू आहे का, हे कळायला नाका-घशातला स्वॅबच घ्यावा लागतो. कालपरवा लागण झालेल्या बाईचा हा रिपोर्ट स्वच्छ येईल आणि आमचं गेट तिला बिनदिक्कत आत सोडेल. मे महिन्यात बरी झालेली बाई मात्र बाहेर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) ही चाचणी पाहणीसाठी सांगितली आहे, निदानासाठी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं (एनआयव्ही) बनवलेल्या किटला ‘कोविड कवच’ नाव दिलंय, त्यानं आणखी घोळ होतो. मे महिन्यात ते आलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पण प्रतिपिंडं सापडली म्हणजे अंगावर कायमचं कवच चढलं, असं आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मास्क शालनताईंनाही हवा आणि मलाही.

आता मंगळवारचे आकडे. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी दहिसर, माटुंगा आणि आमचं चेंबूर अशा तीन वॉर्डांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इमारतींमध्ये १६ टक्क्यांत. वस्तीत निम्म्याहून अधिक लोकांना आजार गाठून गेला, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. इमारतींतही साधारण दर सहा माणसांत एकाला होऊन गेलाय. त्यांच्यापैकी कुणाकडे आमच्या गेटनं कागद मागितला नाही.

हे ५७ कुठून आले? पाहणी करणाऱ्यांनीच दाट वस्ती आणि सामायिक शौचालयांकडे बोट दाखवलं आहे. शालनताईंच्या गल्लीत दहा संडास आहेत, त्यातले दोन कायम बंद. त्या पहाटे साडेचारला बादली घेऊन नंबर लावतात. आतला बल्ब टिकत नाही, म्हणून मोबाइल तोंडात धरून उजेड करतात. एका हाताला बादली, दुसऱ्या हाताला कडी. ती कडी त्यांच्याआधी किती हातांनी धरली असेल, मोजवत नाही. दिवसा रांग मोठी, म्हणून दुपारी पाणीच पीत नाहीत. आमच्याकडे यायच्या तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि त्या नको म्हणायच्या. बारा वर्षांत मी कधी विचारलं नाही, का नको. त्या बुधवारी विचारलं. पाहणीत प्रतिपिंडं सापडलेल्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं जास्त आलंय, ते वाचताना मला त्या कडीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

आमच्या इमारतीत शालनताईंना यायची-जायची लिफ्ट वेगळी आहे. संडास मात्र एकही नाही. तळमजल्यावर वॉचमनचा आहे, त्याला कुलूप असतं. त्याची किल्ली बायकांनाही मिळावी, असा अर्ज मी शुक्रवारी कमिटीला दिला आहे.

शालनताई उद्यापासून येणार आहेत. सेक्रेटरींनी तीन दिवसांनी का होईना, ऐकलं. तुमच्या सोसायटीच्या गेटवरही असा कागद मागत असतील, तर तो मागणं आजच बंद करा. आणि आधीच मागितला असेल, तर त्याचे पैसे त्या बाईंच्या हातात परत द्या.