दोनशे रुपयांचा गॉगल डोळे वाचवतो का? बाईकसाठी चष्मा घेताना काय बघाल

ऊसतोडणी सुरू झाली की नगर, सोलापूर, कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीमागून येणारे दुचाकीस्वार बघा. एक डोळा मिटलेला, दुसरा किलकिला. डोक्यावर हेल्मेट असते, पण त्याची काच वर सरकवलेली. खाली घेतली तर ओरखड्यांमुळे समोरचे धड दिसत नाही, म्हणून.

हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. डोळ्यात कचरा गेला आणि सेकंदभर डोळे मिटले, तर तेवढे अंतर तुम्ही आंधळेपणाने कापता. समोर ट्रॉली असेल तर 17 मीटर फार होतात.

1 जून 2021 पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय शिक्क्याचेच हेल्मेट विकता येते. डोक्याबद्दल निदान एवढा नियम झाला. डोळ्यांचा कारभार मात्र सिग्नलवरच्या गॉगलवाल्याकडे सोपवलेला आहे.

त्या गॉगलची अडचण किमतीची नाही, काचेची आहे. कसल्या प्लास्टिकचा आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. दगड लागून तो फुटला तर तुकडे डोळ्याकडेच येतात. शिवाय काच काळी आहे म्हणजे अतिनील किरणे अडतात, असे नाही. उलट काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरणे अडत नसतील तर ती जास्तच आत जातात.

मग घ्यायचे काय?

पॉलिकार्बोनेट. आघात सोसणारे, हलके आणि अतिनील किरणे मुळातच अडवणारे. त्यावर ओरखडे लवकर पडतात, ही त्याची खोड. कारखान्यात कामगारांना देतात ते सेफ्टी गॉगल याच प्लास्टिकचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दिसायला सुमार, पण कामाला चोख. त्यावर ‘ईएन 166’ किंवा ‘झेड 87+’ असे कोरलेले आहे का बघा. युरोपच्या ‘ईएन 166’मध्ये ‘एफ’ खुणेच्या चष्म्यावर 6 मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला 45 मीटर, म्हणजे ताशी 160 किलोमीटरहून जास्त वेगाने मारून बघतात.

तरीही माझे मत विचाराल तर बहुतेकांना गॉगलची गरजच नाही. चेहरा झाकणारे हेल्मेट आणि त्याची स्वच्छ, पारदर्शक काच पुरते. अर्ध्या हेल्मेटवाल्यांनी मात्र बाजूंनीही झाकणारा सेफ्टी गॉगल घ्यावाच. बाजू उघडी असेल तर वारा आत घुसून डोळे कोरडे करतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर विचारायलाच नको.

नंबरचा चष्मा असेल तर तो घेऊनच हेल्मेट खरेदीला जा. काड्या सरळ आणि पातळ हव्यात, कानामागे वळलेल्या काड्या हेल्मेटमध्ये टोचतात. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांवर जादा पैसे घालू नका. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि तीच किरणे हेल्मेटची काच आधी अडवते.

काळी काच आणि रात्र

दुकानदार हौसेने गळ्यात मारतात ती काळी काच. दुपारी ठीक, पण सकाळी 10 ला निघून रात्री 9 ला परतणाऱ्याने ती लावून काय करावे? रात्री एकतर काच वर करून कीटक खायचे, नाहीतर खाली करून खड्डा खायचा. पिवळ्या ‘नाइट व्हिजन’ चष्म्यांचेही तेच. 2019 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर चाचणी घेतली, तेव्हा समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात पादचारी ओळखायला त्या काचांची काही मदत झाली नाही. पोलराइज्ड गॉगलने चकाकी खरेच कमी होते, पण रस्त्यावर सांडलेल्या तेलाची चमकही दिसेनाशी होऊ शकते आणि काही गाड्यांचा डिजिटल मीटर काळा दिसतो.

काच ओरखडली की बदला. बहुतेक कंपन्यांची सुटी काच हेल्मेटच्या किमतीच्या मानाने स्वस्त मिळते. पुसताना आधी ओले फडके पाच मिनिटे वर ठेवून धूळ सुटू द्या, मग पुसा. पेट्रोल किंवा थिनरचा बोळा मात्र लावू नका, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात.